ओळखलं का, विचारायचं नाही

“दात कुठायत?”

त्या सिस्टर माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, तुम्ही पेशंटच्या कोण, ते नाही. मी वॉर्डच्या दारात उभी, दोन दिवस अंगाला पाणी नाही, हातात चहाचा थर्मास, आणि ही उंच, धिप्पाड बाई माझी वाट अडवून विचारते, दात कुठायत. मला वाटलं, आता माझेच मोजते की काय!

“कुणाचे दात?”

“तुमच्या वडिलांचे. आणि चष्मा?”

मग मी जरा ऐटीतच सांगितलं की दात आणि चष्मा स्टीलच्या डब्यात घालून, वरून फडकं बांधून, गावाकडं खर्ड्याला पाठवून दिलाय. दवाखान्यात वस्तू हरवतात, एवढं कळतं मला. आमच्याकडं म्हातारं माणूस ॲडमिट झालं की पहिलं काम तेच. अंगठी, घड्याळ, दात, चष्मा, सगळं उतरवायचं आणि डबा घरी धाडायचा. सगळेच करतात.

“म्हणजे माणूस इथं आणि त्याचं तोंड आन् डोळे खर्ड्याला,” सिस्टर म्हणाल्या. “उद्या डबा आणा.” आणि खिशातले शेंगदाणे तोंडात टाकत निघून गेल्या.

असा राग आला म्हणून सांगू! पण डबा आणवला. नाना, म्हणजे माझे वडील, नगर–खर्डा रूटवर आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झालेले. शेजारणीनं डबा स्टँडवर नेऊन दिला, आणि नानांचे दात म्हटल्यावर ड्रायव्हरनं तो स्वतःच्या केबिनमध्ये ठेवून मानानं नगरला आणला.

नानांचं झालं होतं असं. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पुढ्यात उभी, तर मला म्हणाले, “बाई, तुमचं तिकीट काढलं का?” मी हसले. म्हटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

मी अकरा वर्षं नानांजवळ राहत होते. नवरा वारला, सासरी राम उरला नाही, म्हणून माघारी आले आणि किल्ल्याकडच्या वाटेला पिठाची गिरणी टाकली. भाऊ पुण्याला. नानांचं पथ्य, गोळ्या, दाढीचं पाणी, कुरकुर, सगळं माझ्या अंगावर. आणि रविवारी भाऊ भेटायला आला तर नाना उशीवरनं मान उचलून म्हणाले, “आलास का रं?” मग माझ्याकडं बोट करून त्यालाच विचारलं, “ह्या बाई कोन?” आता तुम्हीच सांगा! त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. पाय मागाहून चालला असता, नसता चालला. नानांनी मला एकदा ओळखावं, एवढंच मी धरून बसले होते.

डॉक्टर म्हणाले, डिलिरियम आहे. सिस्टर म्हणाल्या, “गोंधळ उडालाय. वेड लागलं न्हाई, बाहेरचं काही झालं न्हाई. म्हातारं शरीर, त्यात भूल, दुखणं, परकी जागा. बहुतेकांचा उतरतो.” त्यांचं कामच ते होतं. त्या दवाखान्यात कुणी म्हातारं माणूस भलतंसलतं बोलायला लागलं, की त्यांना बोलावणं जायचं. आख्खा दवाखाना त्यांना गोंधळवाल्या सिस्टर म्हणायचा. खरं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण तो बिल्ला त्या कायम उलटा लावायच्या, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. पेशंटची नावं, गावं, धंदे त्यांना तोंडपाठ, पण आम्हा सगळ्यांना एकच नाव होतं. “अहो नातेवाईक, पाणी पाजलं का? अहो नातेवाईक, पडदा उघडा, दिवस आहे का रात्र ते कळू द्या त्यांना.”

त्यांची एक खोड अशी, की पाच मिनिटांपूर्वी येऊन गेल्या असल्या तरी पुन्हा आल्या की पहिल्यापासून सुरू. “मी सिस्टर. तुम्ही नगरला दवाखान्यात आहात. पाय मोडला होता, नीट केलाय. आज रविवार.” दिवसातनं वीस वेळा. आवाज तोच, चेहरा तोच, कंटाळा नाही. ही सवय इतकी अंगात भिनलेली की एकदा लिफ्टमध्ये मी शिरले तर मलाच म्हणाल्या, “मी सिस्टर. तुम्ही नगरला दवाखान्यात आहात.” मी म्हटलं, “मला म्हाईती हाय हो!” त्या म्हणाल्या, “बरं झालं.” आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेल्या.

सकाळी त्या रोज एक पान फाडायचं कॅलेंडर घेऊन यायच्या आणि ते पेशंटच्याच हातात द्यायच्या. “कालचा दिवस फाडा.” ज्याला फाडता येत नसेल त्याचं मनगट धरायच्या, पण पान त्याच्याच बोटांनी निघालं पाहिजे. फाडलेली पानं त्यांच्या खिशात जमायची, शेंगदाण्यांबरोबर. त्यांच्याच पाठीवर त्या लिहायच्या, कोण किती प्यायलं, कुणाचं पोट साफ झालं. हा पोटाचा प्रश्न तर त्या भर पाहुण्यांत, खणखणीत आवाजात विचारायच्या. आमच्या भावजयीला घास गिळवेना.

डॉक्टरांनाही सोडायच्या नाहीत. एक तरुण डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून नानांना काहीतरी विचारत होते. सिस्टरांनी मागून स्टूल सरकवलं. “बसा. आभाळातनं बोलल्यासारखं बोलू नका. त्यांना तुमचा नुसता पट्टा दिसतोय.” डॉक्टर गपगुमान बसले.

बायकांच्या वॉर्डात पाथर्डीकडची एक आजी होती. जन्मभर ऊसतोडीला गेलेली. ती सारखी चादर ओढायची, चिमटीत धरायची, वळायची, फेकायची. तिची सून रडकुंडीला आलेली. सिस्टर पलंगाशेजारी उभ्या राहून नुसत्या तिच्या हातांकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “ही तोडतीय. मोळी बांधू द्या तिला.” टॉवेलांचा ढीग आणि बँडेजच्या पट्ट्या आणून दिल्या. आजीनं दुपारभर मोळ्या बांधल्या, चादरीला हात लावला नाही. शेवटी एक मोळी उचलून तिनं सिस्टरांच्या डोक्यावर ठेवली. आणि ही बाई, पांढऱ्या ड्रेसात, डोक्यावर टॉवेलची मोळी, एक हात वर धरून, तशीच आमच्या वॉर्डातनं चालत गेली. लोक फिदीफिदी हसले. मीही हसले. मला तेव्हा त्या थोड्या सटकलेल्याच वाटायच्या, खोटं कशाला बोलू.

सोमवारी नानांनी फारच उचल खाल्ली. ऑपरेशनच्या पायावर भार द्यायचा नव्हता आणि हे पलंगावरनं उतरायला बघत होते. “गाडी सुटायची येळ झाली. कंडक्टर कुठं उलथला?” मला आवरेनात. तिथल्या ब्रदरनं विचारलं, हात बांधू का? मीच म्हटलं, बांधा. मनगटं कठड्याला बांधली, आणि नाना त्या बँडेजकडं बघून लहान मुलासारखे हमसायला लागले.

सिस्टर आल्या. बँडेज सोडलं, त्याची नीट गुंडाळी केली, खिशात टाकली. स्टूल ओढून नानांच्या तोंडासमोर बसल्या.

“मी सिस्टर. तुम्ही नगरला दवाखान्यात आहात. कुठली गाडी म्हणालात?”

“खर्डा.”

“कुठं कुठं लागते?”

“चिचोंडी,” नाना म्हणाले. “कडा. आष्टी. जामखेड. मग खर्डा.”

“कड्याला किती थांबता?”

“चहापुरतं.”

“चहा हाय की. घ्या.”

नानांनी चहा घेतला. सकाळपासून ज्यांनी चमचाभर पाणी तोंडात ठरू दिलं नव्हतं, त्यांनी आख्खा कप संपवला आणि पाठ टेकली. मी बाहेर सिस्टरांना गाठलं. म्हटलं, “म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगता?”

“मी कुठं म्हणाले गाडी आहे? मी म्हणाले चहा आहे. चहा होता.”

मी पाय आपटत आत गेले.

मंगळवारी नाना एकदम गप्प झाले. हाक मारली तर डोळे उघडायचे, मिटायचे. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, उतरला बाई गोंधळ. सिस्टरांना मी आनंदानं सांगितलं, “आज लई शांत हायेत.” तर त्या माझ्यावरच उखडल्या. “गप्प झाला म्हणजे बरा झाला, असं कुणी सांगितलं तुम्हाला? ओरडणाऱ्याकडं धावायला सगळे असतात. हा असा गप्प पडलेला माझ्या हातातनं जातो.” डॉक्टरांना ओढून आणलं. पोट चार दिवस तुंबलेलं, लघवीच्या नळीनं ताप धरलेला. नळी काढली, औषध बदललं, पोट साफ केलं. बुधवारी नानांनी डोळे उघडून शिवी दिली. सिस्टर म्हणाल्या, “हां, आता बरं चाललंय.”

आणि गुरुवारी आमच्या गावचा टेम्पो आला.

टेम्पो भरून माणसं भेटायला येणं, हा आमच्याकडचा रिवाज. प्रेमानंच येतात, उगं नाही म्हणत. सोबत डबे, केळी, आणि एक प्रश्न. एकेक जण पलंगावर वाकायचा, तोंड नानांच्या तोंडाजवळ न्यायचा आणि विचारायचा, “नाना, वळखलं का मला?” नाना बघायचे. “सांगा की कोन म्या?” दुसरा यायचा. “याला न्हाई, पर मला तर वळखताल. सांगा बरं.” अकरा माणसं. नानांच्या कपाळावर घाम आला. दात बसवलेले, चष्मा लावलेला, आणि त्या चष्म्याआडनं ते दरेकाच्या तोंडावर उत्तर शोधत होते.

मला लाज वाटली. गावासमोर बाप नापास होतोय असं वाटलं. आणि मी काय करावं? मीही पुढं झाले. म्हटलं, निदान माझं तरी सांगतील, दहा दिवस ऊर फुटेस्तोवर करतेय. “नाना, ते जाऊ द्या. मी कोण सांगा?”

नाना माझ्याकडं बघत राहिले. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही बाई मला कोंडून ठिवतीया. हिला भाईर काढा.”

कुणी हसलं नाही. एकीनं पदर तोंडाला लावला. हे आता संध्याकाळच्या आत खर्ड्यात पोचणार, हे मला तिथंच कळलं. तेवढ्यात मागून सिस्टर. “सगळे बाहेर. इथं परीक्षा घ्यायची नाही. ओळखलं का, हे विचारायचंच नाही. आपलं नाव सांगायचं, नातं सांगायचं, आणि गप बसायचं. तुम्ही पण बाहेर, नातेवाईक.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. काय काय बोलले देव जाणे. अकरा वर्षं, म्हटलं. यांच्यासाठी मी दुसरं घर केलं नाही, म्हटलं. आणि मला बाहेर काढा? तुम्हाला काय जातंय, तुम्हाला कुणी असं बोललंय का? सिस्टर शेंगदाणे न खाता उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “मी सिस्टर. तुम्ही नगरला दवाखान्यात आहात. आज गुरुवार. जेवलात का?”

हात उगारायचा तेवढा राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी आज मंगळवार समजून चालले होते. मंगळवार कधीच होऊन गेला होता. जेवले होते का, तेही आठवेना. मघाशी मीच दहा दिवस धरले होते, मोजायला बसले तर आठच भरले. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. सिस्टरांनी मूठभर शेंगदाणे माझ्या ओंजळीत घातले.

“खरं बोलतात का हो माणसं गोंधळात?” मी विचारलं. “म्हणजे मनातलं बाहेर पडतं का?”

मला वाटलं, नाही म्हणतील. कुणीही नाहीच म्हटलं असतं, नुसतं माझं समाधान म्हणून. सिस्टर माझ्याशेजारी खाली बसल्या. “मला नाही माहीत,” म्हणाल्या. “इतकी वर्षं ऐकतीय. कधी वाटतं खरं, कधी वाटतं नुसती भीती. मला नाही कळलं अजून.” मग म्हणाल्या, “ते बरे झाले की विचारावंसं वाटेल तुम्हाला. तेव्हा आधी बघा, कुणासाठी विचारताय. त्यांच्यासाठी का तुमच्यासाठी.”

पुढचे चार दिवस मी तेच केलं जे त्या करायच्या. आत जाताना दर वेळी, “नाना, मी तुमची थोरली. तुम्ही नगरला दवाखान्यात हाय. पाय मोडला हुता, नीट केलाय. आज शुक्रवार.” पाणी आणायला गेले आणि आले, की पुन्हा. सुरुवातीला जीभ जड व्हायची. आपल्याच बापाला आपली ओळख करून द्यायची, यासारखं वंगाळ काम नाही. पण नाना आता माझ्याकडं बघून घाबरत नव्हते. मी सांगायचे, ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे.

सोमवारी सकाळी सिस्टरांनी कॅलेंडर पुढं धरलं. नानांनी पान फाडलं, चष्म्यातनं तारीख वाचली, आणि माझ्याकडं वळून खेकसले, “आन् गिरणी कुनावर टाकून आलीस गं इतके दिस?”

मला ओळखलं होतं. नाव नाही, लाड नाही, थेट गिरणी. मी तोंडात पदर कोंबून रडले. सिस्टरांनी फाडलेलं पान नानांच्या हातातनं काढून घेतलं, खिशात टाकलं आणि पुढच्या पलंगाकडं गेल्या. “मी सिस्टर,” तिकडनं आवाज आला.

नाना काठी घेऊन चालायला लागले. पुढं दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत मी ते विचारलं नाही. गिरणीचा पट्टा फिरत असायचा, पीठ उडत असायचं, नाना ओट्यावर बसलेले असायचे, आणि माझ्या मनात यायचं, आता विचारावं. मी खरंच तुम्हाला कोंडलं का हो? पथ्याच्या नावाखाली, पडाल म्हणून बाहेर न सोडून? पण कुणासाठी विचारायचं? त्यांना तर आठवतही नव्हतं. की होतं? एकदा त्यांनीच विचारलं, “मी तिथं काय वंगाळ बोललो का गं?”

“छ्या! नुसती स्टँडांची नावं घेत हुता,” मी म्हटलं. “चिचोंडी, कडा, आष्टी.”

नानांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, “दुपारी जरा पारापस्तोर जाऊन येऊ का?” मी म्हटलं, जा की. यातनं मी काय समजायचं? मला तेव्हा समजलं नाही आणि आजही समजत नाही.

नाना गेले त्याला आता वर्ष झालं. परवा गिरणीचा पट्टा घ्यायला नगरला गेले होते. दुपारी माळीवाड्याच्या स्टँडवर आले तर बाकावर सिस्टर. साधी साडी, मांडीवर पिशवी, केस पार पांढरे. मला इतका आनंद झाला की भान राहिलं नाही. धावत गेले आणि म्हटलं, “सिस्टर! ओळखलं का मला?”

जीभ चावली, पण बोलून गेले होते. सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. ओठ हसायला बघत होते आणि डोळे माझ्या तोंडावर उत्तर शोधत होते. हे बघणं मी टेम्पो आला त्या दिवशी पाहिलं होतं.

त्यांना मी का आठवावी? हजारो नातेवाईक पाहिले असतील, माझं तर नावही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. असंच असेल. की दुसरं काही असेल? मला काही ठरवता येईना. मी खाली त्यांच्याशेजारी बसले.

“मी खर्ड्याची. गिरणीवाली. एसटीतल्या नानांची थोरली,” मी म्हटलं. “तुम्ही नगरला स्टँडवर आहात. आज शनिवार.”

त्यांचा चेहरा सैल पडला. माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. “हां,” म्हणाल्या, “असं सांगायचं.” आणि मग अगदी कडक आवाजात, “दात कुठायत?”

चेष्टा केली? आठवलं म्हणून म्हणाल्या? की त्यांच्या लेखी आम्ही अजून त्या वॉर्डातच उभ्या होतो? विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण मग कुणासाठी विचारतेय, तेही आठवलं.

“आणले, सिस्टर,” मी म्हटलं. “बसवले पण.”

“शाबास, नातेवाईक.”

तेवढ्यात एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली, “आत्या, चला, गाडी लागली,” म्हणाली, आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेली. वय झालं म्हणून धरलं असेल. नाहीतर कशासाठी, मला काय माहीत.

खर्ड्याची गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले, पट्टा मांडीवर घेतला. गाडी चिचोंडीच्या पुढं गेली तरी मी बाहेरच बघत होते. कंडक्टर दोनदा काहीतरी म्हणाला असावा, कारण तिसऱ्यांदा त्यानं वाकून माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं, “बाई, तुमचं तिकीट काढलं का?”

आणि मग मात्र मला रडू आवरेना.